अक्तीपर्यंत कूलर बंद

काकू आमच्या घरी आल्या की आधी कूलर वाजे, मग दार.

आमचा कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसवलेला आहे, रायपुरातल्या बहुतेक घरांचा असतो तसा. तुळशीचं लग्न आटोपलं की दोन-चार दिवसांत त्या खिडकीशी येत, बोटाच्या पेरानं पत्र्यावर दोनदा टकटक करत आणि कान लावून ऐकत. मग बाजूची गवताची जाळी उपसून आत डोकं घालत. आतून घुमल्यासारखा आवाज येई, "थंडी लागली का जी? मंग हा आता माझा."

तुम्ही कधी विचार केला आहे का, की या शहरातले हजारो कूलर कार्तिकापासून होळीपर्यंत काय करतात? जुन्या चादरी पांघरून उभे असतात. काकूंनी विचार केला होता. कूलरला तीन बाजूंनी हवा, आत अंधार, खाली पत्र्याची खोल टाकी, आणि जाळी नीट लावली तर उंदराची टाप नाही. कंद ठेवायला याहून चांगली जागा नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या गल्लीत त्यांच्या म्हणण्याविरुद्ध कोणी जात नसे.

काकूंच्या घरामागे परस होतं. दोन बाजेएवढी जागा असेल, पण तिच्यातून त्या सुरण, कोचई म्हणजे आपला अळूचा कंद, हळद, आलं असं सगळं काढत. पान आपोआप पिवळं होऊन आडवं पडलं की खणायचं, आधी नाही. खणल्यावर धुवायचं नाही. "अंगची माती अंगावर राहू द्या. माती म्हणजे त्याची रजाई." दोन दिवस सावलीत पोत्यावर. कुदळ लागली असेल तिथे चुलीतली राख चोळायची. मग गच्चीवर वाळवलेली, चाळणीनं चाळलेली खारून नदीची रेती टोपल्यात घालायची, तिच्यात कंद एकमेकांना न टेकता बसवायचे आणि टोपली कूलरच्या टाकीत ठेवायची. हळद-आलं त्यांच्या स्वतःच्या कूलरमध्ये, कोचई कोपऱ्यावरच्या मंदिराच्या पुजाऱ्यांच्या कूलरमध्ये आणि सुरण आमच्या.

सुरणाचा मान आम्हाला मिळाला तो माझ्या नोकरीमुळे. मी नव्या रायपुरात, पाण्याशी संबंधित एका सरकारी ऑफिसात इंजिनीअर आहे. कोणत्या कालव्यात किती पाणी सोडायचं याच्या कागदांवर माझी सही असते. आम्ही अमरावतीहून बदलीवर आलो, काकूंच्या शेजारचा तळमजला भाड्यानं घेतला, आणि पहिल्याच थंडीत काकू म्हणाल्या, "तुम्हाले पाण्याचं कळते. जिथं पाणी नको तिथं ते येऊ देणार नाही तुम्ही."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ते विसरू शकलेलो नाही.

सुरणांतही एक खास होता. त्याला त्या 'म्हातारा' म्हणत. त्यांच्या आईच्या परसातला, आर्वीकडचा वाण. लग्न होऊन निघताना आईनं लुगड्यांच्या घडीत एक कंद घालून दिला होता. यजमान रेल्वेत पार्सल क्लार्क. गोंदिया, डोंगरगढ, रायपूर, जिथे बदली होई तिथे आधी कंद निघत, मग भांडी. दर वर्षी लावायचा, दर वर्षी काढायचा, त्याचा सगळ्यात चांगला कंद पुढच्या वर्षीसाठी जपायचा. यजमान गेले, म्हातारा राहिला. आमच्याकडे पाहुणे बसलेले असताना काकू खिडकीतून विचारत, "म्हातारा कसा हाय? वास तर नाही येऊन राहिला?" आणि पाहुणे चहा खाली ठेवत.

या वाणाचा गुण एकच. तो खाजत नसे. बाजारचा सुरण चिंचेच्या पाण्यात भिजवल्याशिवाय खाल तर घसा दोन दिवस तुमच्याशी बोलत नाही. काकू चिंच घालतच नसत. तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्या नव्या सुरणाची दह्यातली कढी करत. ही इथली छत्तीसगढी रीत, पण फोडणी वऱ्हाडी. पातेलं उतरलं की अठरा घरी अठरा वाट्या जात. वाटी देताना ठरलेलं वाक्य असे, "बिनचिंचेचा हाय बरं."

त्या एका वाटीसाठी गल्लीनं काय सोसलं ते सांगतो. सुरण लावायचा मुहूर्त अक्तीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा. तोवर बी रेतीतच झोपलेलं हवं. आणि रायपूर तर होळीपासूनच तापायला लागतं. पुजारी ओला पंचा डोक्यावर घेऊन मंदिराच्या ओट्यावर बसत. कोणी विचारलं की सांगत, "क्या करें, अक्ती तक कूलर बंद है. उसमें काकू की कोचई सो रही है." आमच्या मुलीला मराठी सगळं समजतं, पण ती उत्तर हिंदीत देते. ती म्हणायची, "पापा, दुनिया में लोग कूलर से ठंडे होते हैं. हमारे यहाँ सब्ज़ी ठंडी होती है."

आता मुद्द्यावर येतो. येण्याचं टाळत होतो, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

त्या वर्षी मार्चमध्येच ऊन चढलं. काकू भाचीच्या लग्नाला दहा दिवस आर्वीला गेल्या. जाताना पत्र्यावर टकटक करून गेल्या. टोपलीत तेव्हा फक्त म्हातारा आणि त्याची तीन पिल्लं उरली होती. बाकीचे सुरण थंडीभर खाऊन झाले होते. आणि नेमकं त्याच आठवड्यात आमचे मोठे साहेब सहकुटुंब जेवायला येतो म्हणाले. साहेबांच्या घरी तीन एसी. माझ्या घरी एक कूलर, आणि त्यात सुरण.

पुढे वर्षभर मी स्वतःला सांगत होतो की टोपली आत आहे हे मी विसरलो. मी विसरलो नव्हतो. मी फूटपट्टी आणली होती.

टाकी नऊ इंच खोल. चार इंचांचा विटांचा थर रचला, त्यावर टोपली ठेवली. पाणी तीन इंच भरायचं. म्हणजे एक इंचाची सुरक्षित उंची राहते. बायको मागे उभी होती.

"काकूंना एक फोन करून विचारा ना."

"विचारायचं काय त्यात? हिशेब समोर आहे."

"टोपली काढून आत ठेवली तर?"

"आत गरम आहे. काकू म्हणतात, थंड जागाच हवी. उलट त्याला बरंच वाटेल."

"तुम्ही म्हणता तसं," ती म्हणाली. लग्नाला वीस वर्षं झालेल्यांना या वाक्याचा अर्थ सांगायला नको.

कूलर सुरू केला. साहेब आले, जेवले, गार हवेत पान खाल्लं आणि म्हणाले, "घर बढ़िया ठंडा रखा है." इथं थांबलो असतो तर कदाचित निभावलं असतं. पण साहेब तर निमित्त होते. पुढचे चार दिवस मी तो कूलर माझ्यासाठी चालवला. ऑफिसातून यायचं, बटण दाबायचं, समोर बसायचं. इतकी सुखाची हवा मला आयुष्यात कधी लागली नाही, हेही एकदा लिहून टाकतो.

कूलरमध्ये पाणी फक्त खाली नसतं. पंप ते वर चढवतो, वरून ते जाळ्यांवर झिरपतं आणि जाळ्यांतून चहूबाजूंनी आत ठिबकतं. लहान पोरालाही कळतं हे. मला कळायला पाचवा दिवस उजाडावा लागला. मुलगी नाकाला ओढणी लावून म्हणाली, "पापा, हवा में से कुछ मरा हुआ आ रहा है."

जाळी काढली. रेतीचा चिखल झाला होता. म्हाताऱ्याला उचलायला गेलो तर अंगठा आत रुतला.

बायकोनं एकदा आत पाहिलं, एकदा माझ्याकडे. "एक इंच," ती म्हणाली.

"मी सांगतो काकूंना."

"आत्ता करा फोन."

"लग्नघरात कशाला वाईट बातमी? आल्या की सांगतो."

दुसऱ्या दिवशी मी बाजारात होतो. फोनमध्ये म्हाताऱ्याचा एक जुना फोटो सापडला, मुलीनं गंमत म्हणून काढलेला. तो धरून मी एकेका पसऱ्यापुढे बसून सुरण, म्हणजे इथला जिमीकांदा, निरखत होतो. एक भाजीवाली बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "का खोजथस भैया?"

"ऐसा ही चाहिए. बिल्कुल यही चेहरा."

तिनं फोटो पाहिला, मला पाहिलं आणि शेजारणीला हाक मारून सांगितलं की हा माणूस जिमीकांद्याचं स्थळ बघायला आला आहे. दोघी हसल्या. मीही हसलो. चार नग घेतले, एक मोठा, तीन लहान. घरी आणून त्यांना काकूंच्या परसातली माती फासली, राख चोळली, नवी रेती गच्चीवर वाळवून टोपलीत भरली. विटा काढून टाकल्या. सडलेला म्हातारा त्याच्या पिल्लांसकट बादलीतून मागे नेला आणि न्हाणीच्या मोरीपाशी खड्डा करून पुरला. बायको दारात उभी होती. "हात जोडा निदान," ती म्हणाली. मला वाटलं टोमणा मारते आहे. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

काकू आल्या. आधी कूलर वाजला. टकटक. मग पुन्हा टकटक. मी आत खुर्चीच्या कडेला बसून होतो. काकूंना मोतीबिंदू होता, नजर धुरकट होती, पण हात पक्के होते. त्यांनी कंद बाहेर काढून हातात तोलला.

"काहून जी इंजिनेर? थंडीभर उपाशी राहून कोणी जाड होते का?"

माझ्या घशात वाक्य तयार होतं. खरं वाक्य. पण तोंडातून बाहेर आलं ते वेगळंच. "तुमच्या रेतीचा गुण, काकू."

त्या इतक्या खूश झाल्या की त्यांनी ते गल्लीभर सांगितलं. साऱ्या मोहल्ल्यात कूलर असावा तर इंजिनेरचा. पुजाऱ्यांनी मला वाटेत थांबवून विचारलं की जाळीला मी कोणतं गवत वापरतो.

अक्तीला त्यांनी तो बाजारचा सुरण लावला. मोठ्या विश्वासानं लावला. पावसाळाभर त्याच्या पानाखाली बसून तण काढलं. कार्तिकात खणला तेव्हा तो चांगला भरला होता. तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी अठरा वाट्या निघाल्या. "बिनचिंचेचा हाय बरं."

ती संध्याकाळ आमच्या गल्लीत अजून कोणी विसरलेलं नाही. आधी समोरच्या घरात खाकरण्याचा आवाज आला. मग शेजारी. मग गल्लीच्या दोन्ही टोकांनी खाकरत खाकरत तो मंदिरापर्यंत पोचला. पुजाऱ्यांनी आरतीला तोंड उघडलं आणि पहिल्याच ओळीत आवाजाची पिपाणी झाली. भक्तांनी आरती उचलून धरायची तर भक्तांचेही घसे गेलेले. घंटेनं एकटीनं आरती केली. आमच्या घरात मुलगी गुळाचा खडा चघळत जीभ बाहेर काढून बसली होती. बायको मला एकेक चमचा वाढत होती. "घ्या अजून. तुमच्याच हातची आहे."

मी हसत होतो, हे कबूल करतो. पुजाऱ्यांची पिपाणी ऐकून कोणीही हसलं असतं. तेवढ्यात कूलर न वाजताच दार वाजलं.

काकू उभ्या होत्या. एका हातात चिंचेची वाटी, दुसऱ्यात गुळाची. त्या घरोघरी फिरत होत्या.

"माफ करजा जी. सगळ्याइचे गळे खाजले. माझा हात गेला." त्यांचा स्वतःचा आवाजही बसला होता. "म्हाताऱ्याचा काही दोष नाही. पन्नास वर्षांत तो कधी खाजला नाही. हातच गेला माझा. आता काय, वय झालं."

"नाही काकू," मी म्हणालो, "मला तर काहीच झालं नाही." आणि जो खोकला आला तो पाच मिनिटं थांबला नाही. काकूंनीच माझी पाठ चोळली.

त्या थंडीत कूलर वाजला नाही. काकूंनी खणलेलं सगळं वाटून टाकलं. बीसुद्धा ठेवलं नाही. पुजाऱ्यांचा कूलर होळीलाच सुरू झाला आणि ते पंचा न भिजवता ओट्यावर बसू लागले. पण त्यांना ते मानवत नसावं. दोनदा मी त्यांना जाळीतून आत डोकावताना पाहिलं.

काकूंचा मुलगा बँकेत आहे. नव्या रायपुरात पाचव्या मजल्यावर त्याचा फ्लॅट. तो कितीतरी वर्षं आईला बोलावत होता आणि काकू प्रत्येक वेळी सांगत, "माझे कंद कुठं ठेवू? तुझ्या त्या एसीत?" त्या मे महिन्यात त्यानं पुन्हा विचारलं आणि त्या हो म्हणाल्या. मी सामान चढवायला मदत केली. चाळणी त्यांनी बायकोच्या हातात दिली. गाडीत बसल्यावर काच खाली करून मला म्हणाल्या, "आता कूलर बिनधास्त चालवा, इंजिनेर. आत कोणी नाही."

जुलैत एक दिवस मुलगी किंचाळत आत आली. "पापा, साँप!" मोरीपाशी ठिपक्याठिपक्यांचा एक जाड दांडा सरळ उभा होता आणि त्याच्या डोक्यावर छत्रीसारखं पान उघडत होतं. सुरणाचा दांडा तसाच दिसतो. सडलेल्या कंदाचा एखादा डोळा जिवंत राहिला असणार. आदल्या वर्षीही उगवला असेल. मी त्या बाजूला पाहतच नव्हतो.

तुम्ही म्हणाल, आता तरी धावत गेला असशील. माझ्या ऑफिसपासून काकूंचा फ्लॅट अकरा मिनिटांवर होता. मी कार्तिकापर्यंत थांबलो. पान पिवळं होऊन आपोआप आडवं पडलं तेव्हा खणलं. नारळाएवढा निघाला. धुतला नाही. फडक्यात गुंडाळून नव्या रायपुरात घेऊन गेलो. त्या रुंद मोकळ्या रस्त्यावर मी इतकी सावकाश गाडी चालवली की मागून एक सायकलवाला घंटी वाजवून पुढे गेला.

काकू बाल्कनीत बसल्या होत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यांवर काळा चष्मा. मी काही बोलायच्या आधी त्यांनी फडकं सोडलं. पेरानं कंदावर टकटक केलं. कान लावला. वास घेतला. आतून सुरी मागवली, एक पातळ काप काढला आणि मनगटाच्या आतल्या बाजूला चोळला. मग आम्ही दोघं त्या मनगटाकडे पाहत बसलो. काही झालं नाही. लालीसुद्धा नाही.

"हा तर माझा हाय," काकू म्हणाल्या. "हा कुठून आणला?"

मी सांगितलं. साहेब, विटा, पंप, बाजार, फोटो, राख, मोरी, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. झाल्यावर विचारलं, "विटा किती इंच?"

"चार."

"अन पाणी?"

"तीन."

"अन तुले कालव्यावर कोणी ठेवलं रे?"

इतकी वर्षं त्यांनी मला 'तुम्ही' म्हटलं होतं. मला वाटलं, आता हसतील. त्या हसल्या नाहीत. दोन्ही तळहात उलटे करून मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"वर्षभर मी या हाताइकडं पाहून राहिली. पोळी लाटू तरी वाटे, बिघडन. सून म्हणे, आई तुम्ही बसा, अन मी बसे. घर सोडलं ना रे मी. अन तू खोकत होता समोर."

बाल्कनीतून खाली सरळ आखलेली झाडं दिसत होती. मी ती मोजू लागलो.

"मले सांगून काय होते," काकू म्हणाल्या. "ज्याइचे गळे खाजले त्याइले सांग. अठरा घरं हायेत. एकेकाच्या दारात जाऊन सांग की काकूचा हात गेला नव्हता."

"हव, काकू."

"पुजाऱ्याले आधी."

"हव."

"अन हा ने. इथं कूलर नाही." त्यांनी कंद फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "धुवू नको."

तुम्हाला वाटत असेल, कबुली झाली, गोष्ट संपली. मी खरं तर आता कबुलीला येतो आहे. आतापर्यंतचं काकूंना माहीत होतं.

त्या थंडीत काकू मला दर आठवड्याला फोन करत. सकाळी, मी ऑफिसला निघायच्या वेळी. "म्हातारा कसा हाय?" मी सांगे, मजेत आहे. मग, "किती घरं झाली?"

पहिल्या आठवड्यात मी म्हणालो, दोन. खरं तर एकही झालं नव्हतं. मी पुजाऱ्यांच्या ओट्यापर्यंत गेलो होतो. त्यांनी हौसेनं मला बसवलं, प्रसाद दिला, आणि मी पावसाचा अंदाज सांगून परत आलो.

"पुजारी काय म्हणे?"

"हसले, काकू. म्हणाले, माझी आरती बुडवली या इंजिनीअरनं."

काकू फोनवर हसल्या. इतक्या दिवसांनी त्यांचं ते हसू ऐकलं आणि माझी जीभ सैल झाली. पुढच्या आठवड्यात पाच घरं झाली. मग नऊ. प्रत्येक घराचं उत्तर मी रचून सांगे. समोरच्या वहिनी म्हणाल्या, काकूंना परत बोलवा. गल्लीतल्या शाळामास्तरांनी मला पट्टीनं मारायची धमकी दिली. काकू प्रत्येक उत्तर दोनदा सांगायला लावत. सुनेलाही ऐकवत. सुनेनं एकदा फोन घेऊन मला सांगितलं की आई आता रोज सकाळी स्वयंपाकघरात असतात. बायको हे सगळं चहाचा कप हातात धरून ऐकत असे. एक दिवस तिनं विचारलं, "आज किती घरं बांधली?"

होळीच्या सुमारास अठरा पूर्ण झाली. "झालं मंग," काकू म्हणाल्या. "आता मी मोकळी, तू मोकळा."

अक्तीला मी म्हातारा काकूंच्या रिकाम्या परसात लावला. श्रावणात काकू गेल्या, झोपेत, काही त्रास न होता. तेराव्याला गल्लीतले आम्ही बहुतेक जण नव्या रायपुरात गेलो होतो. पुजारी काकूंबद्दल दोन शब्द बोलले. चांगलंच बोलले. शेवटी म्हणाले, "आखिर में हाथ ज़रा चला गया था उनका, पर वो उमर की बात थी." सगळ्यांनी मान हलवली. काकूंची सून मान वर करून माझ्याकडे बघू लागली. तिला तर अठरा घरांची अठरा उत्तरं पाठ होती. मी पत्रावळीकडे पाहिलं.

आज चैत्र उतरणीला लागला आहे. बाहेर बेचाळीस डिग्री आहे. माझा कूलर बंद आहे, आत कोरडी रेती आहे आणि रेतीत म्हातारा आहे, आता चांगला दोन नारळांएवढा झालेला. मुलीनं पत्र्यावर कागद चिकटवला आहे, 'कृपया पानी न डालें', आणि खाली बारीक अक्षरात, 'ख़ासकर पापा'. घरात आम्ही तिघं वर्तमानपत्रानं वारा घेतो. होळीपासून एकानंही तक्रार केलेली नाही, हे मला घाबरवतं.

सगळं लिहून काढलं ते काल बायकोला वाचायला दिलं. तिनं शेवटपर्यंत वाचलं आणि घडी करून परत दिलं. "चांगलं लिहिलंय. पण काकूंनी लिहायला नव्हतं सांगितलं."

म्हणून आज सकाळी गेलो. पुजारी ओट्यावर बसले होते, आणि का कोण जाणे, डोक्यावर ओला पंचा होता. त्यांचा कूलर आत चालू होता. मी बसलो नाही. बसलो की पावसावर येतो. उभ्या उभ्या सांगितलं, विटांपासून बाल्कनीपर्यंत, फोनसकट.

ते हसले नाहीत. आरती बुडवली म्हणून काही बोलले नाहीत. मी त्यांच्या तोंडी घातलं होतं त्यातलं एकही वाक्य त्यांनी म्हटलं नाही. त्यांचा हात आपोआप गळ्याकडे गेला.

"मतलब काकू का हाथ..."

"ठीक था, महाराज. बिल्कुल ठीक था."

"और मैंने तेरहवीं में..." एवढं म्हणून ते उठले, आत गेले, कूलरचं बटण बंद केल्याचा आवाज आला. बाहेर आलेच नाहीत.

घरी परतताना खिडकीपाशी थांबलो. पत्रा तापला होता. बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केलं आणि कान लावला. आत काही हललं नाही. झोपला आहे अजून.

"एक घर झालं, काकू," मी म्हणालो.

आतून बायकोनं विचारलं, "खरं?"

"खरं."

"मग चप्पल काढू नका," ती म्हणाली. "समोरच्या वहिनी घरीच आहेत."